स्पीडोमीटरची चूक शोधताना: आधी मोजमाप, मग पाना

स्पीडोमीटर चुकतोय अशी शंका आली की हात थेट सेन्सरकडे किंवा मीटरमागच्या केबलकडे जातो. सेन्सर बदलून होतो, डॅशबोर्ड उघडून होतो, आणि मग लक्षात येतं की घोळ टायरच्या मापाचा होता, किंवा मुळात घोळ नव्हताच. म्हणून पाना हातात घेण्याआधी वही-पेन्सिल घ्या. चार वेगवेगळ्या वेगांना काटा किती चुकतो हे कागदावर आलं, की ती चूक गाडीच्या कोणत्या भागातून येते हे निम्मं तिथेच कळतं.

चूक कशाला म्हणायचं

काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, हा दोष नाही. गाडी तशीच बनवलेली असते. बऱ्याच देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा आहे ती खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर, इतकी. म्हणजे खरा वेग ४० असताना काटा ४८ पर्यंत, ८० असताना ९२ पर्यंत आणि १०० असताना ११४ पर्यंत चालतो. टायर झिजतात, बदलतात, त्यांच्या मापात थोडाफार फरक असतोच. या सगळ्यात काटा खऱ्या वेगाच्या खाली जाऊ नये म्हणून कारखान्यातच तो थोडा वर ठेवलेला असतो.

त्यामुळे खऱ्या ६० ला ६४ दाखवणारा मीटर ठणठणीत आहे. त्याच ६० ला ५८ दाखवणारा मात्र बिघडलेला आहे, फरक फक्त २ चा असला तरी. चालकाला वाटतं आपण मर्यादेत आहोत, आणि गाडी मर्यादेबाहेर असते. कमी दाखवणारा मीटर पुढच्या रविवारवर ढकलू नका.

आणखी एक प्रकार: मीटर जास्तच दाखवतो, मर्यादेतही आहे, पण सहा महिन्यांपूर्वी ६० ला ६३ दाखवायचा आणि आता ६८ दाखवतो. आकडा नियमात बसतो, तरी काहीतरी बदललं आहे. त्याचं कारण शोधायलाच हवं.

मोजमाप

सगळ्यात सोपं साधन म्हणजे फोनमधलं जीपीएस. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींच्या बदलावरून ते वेग काढतं. मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाला हा आकडा साधारण १ किलोमीटरच्या आत खरा असतो. मात्र वेग वाढत किंवा कमी होत असताना फोन एक-दोन सेकंद मागे राहतो. बोगदा, दाट झाडी, उंच इमारती, सलग वळणं अशा ठिकाणी तो आकडा धरूच नका.

आकडे वाचायला आणि लिहायला शेजारी दुसरं माणूस हवंच. चालकाने फोनकडे बघायचं नाही. त्या माणसाने काटासुद्धा शेजारच्या सीटवरून वाचू नये. काटा आणि तबकडी यांच्यात अंतर असल्यामुळे तिरक्या नजरेने दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. चालकाने समोरून बघून काट्याचा आकडा मोठ्याने सांगावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी जीपीएसचा आकडा लिहावा.

निघण्यापूर्वी चारही टायर थंड असताना हवा दाराच्या चौकटीवरल्या तक्त्याप्रमाणे भरा. सपाट, सरळ आणि रिकामा रस्ता निवडा. काट्यावर ४०, ६०, ८० आणि रस्ता परवानगी देत असेल तर १०० असे वेग घ्या. प्रत्येक वेग किमान १० सेकंद स्थिर ठेवा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय) असेल तर वापरा, पायापेक्षा ते जास्त स्थिर असतं. प्रत्येक वेगाला तीन नोंदी घेऊन सरासरी काढा. त्याच फेरीत मीटरमधला अंकी वेग असेल तर तोही लिहा. काटा आणि अंक यांची तुलना पुढे फार उपयोगी पडते.

जीपीएस नसेल तर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरतात. ३६०० ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: ६० सेकंद म्हणजे ६०, ४५ सेकंद म्हणजे ८०, ३६ सेकंद म्हणजे १००. एकाच दगडावर भरवसा ठेवू नका. बटण दाबताना एक सेकंद चुकला तरी ६० च्या वेगाला १ किलोमीटरचा फरक येतो, आणि रस्ता नव्याने वळवलेला असेल तर दगडही सरकलेले असतात. पाच किलोमीटरचं अंतर धरा. काटा ६० वर असताना पाच किलोमीटरला ३१५ सेकंद लागले, तर खरा वेग सुमारे ५७ आहे.

या फेरीला जोडूनच अंतराचा मीटर तपासा. ट्रिप शून्य करून किमान २० किलोमीटर चालवा आणि जीपीएसने नोंदवलेल्या अंतराशी ताडून बघा. वेगाची चूक आणि अंतराची चूक सारखी आहे की वेगळी, हा पुढच्या तपासाचा मोठा दुवा आहे.

आकड्यांचा नमुना काय सांगतो

खरा वेग ४०, ६०, ८०, १०० असताना काटा ३८, ५७, ७६, ९५ दाखवत असेल, तर चूक प्रत्येक ठिकाणी ५ टक्क्यांची आहे. टक्केवारी सगळीकडे सारखी असेल, तर चाक किती फिरलं याचा हिशेबच चुकतोय. कारण टायरचं माप, गिअरचे दात किंवा मीटरमध्ये भरलेला पल्सचा (चाक फिरताना सेन्सर पाठवतो त्या विजेच्या ठोक्यांचा) आकडा. अशा वेळी अंतराचा मीटरही त्याच प्रमाणात चुकतो.

त्याऐवजी ४६, ६६, ८६, १०६ असं आलं, तर सगळीकडे ६ चा ठरावीक फरक आहे. गाडी उभी असताना काटा शून्यावर बसतो का ते बघा. बहुतेकदा तो दांड्यावर चुकीच्या जागी बसवलेला असतो किंवा त्याची मोटर शून्य विसरलेली असते. अंतराचा मीटर इथे बरोबर येतो.

४३, ६४, ८४, १०५ असे आकडे आले तर वही मिटा. थोडी टक्केवारी, थोडा ठरावीक फरक, सगळं वरच्या बाजूला: निरोगी मीटरचा हा नेहमीचा नमुना आहे.

बरोबर निम्मा किंवा बरोबर दुप्पट वेग दिसला, तर एका फेऱ्याला किती पल्स यायच्या याची जुळणी चुकली आहे. हे हमखास मीटर किंवा सेन्सर बदलल्यानंतर होतं. १.६ पटीचा फरक म्हणजे मैल आणि किलोमीटरची गल्लत.

काटा थरथरतो, अधूनमधून शून्यावर पडतो, खड्ड्यात उडी मारतो, तर टायरचा हिशेब करत बसू नका. तो सरळ केबल, सेन्सर, वायर किंवा अर्थचा (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या ऋण जोडणीचा) प्रश्न आहे.

टायर

सगळ्या वेगांना सारख्या टक्क्यांनी चूक असेल तर सुरुवात इथून. बसवलेल्या टायरवरचं माप वाचा आणि दाराच्या चौकटीवरल्या तक्त्याशी ताडा. मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो, आणि शेवटचा रिमचे इंच. टायरचा व्यास काढायची रीत अशी: रुंदीला उंचीच्या टक्केवारीने गुणा, त्याची दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. १८५/६५ आर १५ या टायरची भिंत १२०.२५ मिलिमीटर, दुप्पट २४०.५, रिम ३८१, एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याजागी १९५/६५ आर १५ टाकला तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे २.१ टक्के वाढ. काटा तितक्याच टक्क्यांनी खाली येतो. १९५/५५ आर १६ टाकला तर मात्र व्यास ६२०.९, फरक नगण्य. रिम मोठी झाली म्हणजे मीटर बिघडला असं नसतं, बाहेरचा व्यास काय झाला हे महत्त्वाचं.

उंच टायर टाकलेल्या गाड्यांत खरी अडचण होते. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवला की व्यास ७०३.५ वरून ७३३.५ होतो, ४.३ टक्के. कारखान्याने ३ टक्के वर ठेवलेला काटा आता खऱ्या वेगाच्या खाली गेला. गाडी देखणी दिसते आणि मीटर खोटं बोलतो.

झीज उलट दिशेने काम करते. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर धरली आणि ती १.६ पर्यंत आली, तर व्यास १२.८ मिलिमीटरने घटतो. वरच्या १८५/६५ आर १५ साठी हे २ टक्के झाले. म्हणून गुळगुळीत टायर काढून नवे घातल्यावर काटा पूर्वीपेक्षा थोडा कमी दाखवू लागतो. तो दोष नाही. कमी हवेचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो, कारण रेडियल टायरच्या आतला पोलादी पट्टा ताणला किंवा आकसला जात नाही. हवा जरूर भरा, पण ५ टक्क्यांची चूक हवेच्या नावावर घालू नका.

हिशेबापेक्षा प्रत्यक्ष माप खात्रीचं. टायरच्या तळाशी आणि बरोबर त्याखाली जमिनीवर खडूची खूण करा. चालकाला आत बसवून गाडी सरळ रेषेत हळू ढकला, चाकाचे पाच फेरे होऊ द्या, अंतर टेपने मोजून पाचने भागा. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे हा घेर व्यासावरून काढलेल्या घेरापेक्षा साधारण ३ टक्के कमी भरतो. १८५/६५ आर १५ चा हिशेबी घेर १९५२ मिलिमीटर, पण प्रत्यक्ष १८९६ च्या आसपास. पाच फेऱ्यांना साडेनऊ मीटर. तुलना करताना दोन्ही टायर एकाच रीतीने मोजा. एकाचा हिशेब आणि दुसऱ्याची टेप असं केलंत, तर नसलेली चूक दिसेल.

केबलचा मीटर

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमागे एक चुंबक फिरवते. ते चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. अंतराचे आकडे मात्र त्याच केबलवर दात्यांनी जोडलेले असतात, त्यात चुंबकाचा संबंध नाही. यातूनच निदान होतं: अंतर बरोबर आणि वेग चूक, तर दोष मीटरच्या आत आहे. चुंबक दुबळं झालं किंवा दांड्याला जुनं तेल चिकटलं की काटा कमी दाखवतो किंवा मागे राहतो. अंतर आणि वेग दोन्ही सारखे चुकत असतील, तर दोष केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला किंवा टायरमध्ये.

हळू वेगाला काटा हिसके देतो आणि डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते, ही कोरड्या किंवा मुडपलेल्या केबलची खूण. मीटरकडचं टोक सोडा, आतली तार बाहेर ओढा, स्वच्छ फडक्यावर लोळवा. कुठे मुडपली असेल तर त्या जागी ती उडी मारते. अशी तार सरळ करत बसू नका, बदला. चौकोनी टोकं गोल झाली असतील तरी बदला. वंगण हलकं आणि थोडं, तेही गिअरबॉक्सकडच्या दोन-तृतीयांश भागालाच लावा. वरपर्यंत माखलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि चांगला मीटर कायमचा खराब करतं. पुन्हा बसवताना तीव्र वळण येऊ देऊ नका.

काटा पूर्ण मेला असेल तर मीटरकडचं टोक सोडून गाडी थोडी ढकला. आतली तार फिरली तर दोष मीटरचा. नाही फिरली, तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधल्या छोट्या प्लास्टिक गिअरचे दात गेले आहेत.

गिअरचे दात चुकीचे असतील तर हिशेब सरळ आहे: जुन्या दातांची संख्या गुणिले काट्याचा आकडा भागिले खरा वेग. २० दातांचा गिअर, खरा वेग ६०, काटा ५७, तर १९ दातांचा हवा. दात कमी झाले की केबल वेगाने फिरते. फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना वेग कमी करणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण बदललं असेल तर आधी गाडीची रचना बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून, म्हणजे डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फेरे वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) आधी निघते, त्यामुळे प्रमाण बदललं की मीटर चुकतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तोच गिअर डिफरन्शियलच्या कड्यावरून फिरतो, तिथे फायनल ड्राइव्हचा काही परिणाम होत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटर

इथे वेगाचा आकडा एका साखळीतून येतो: सेन्सर, वायर, संगणक, मीटर, काटा. साखळीत आकडा कुठे बिघडतो ते बघायला डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या जागेत स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावा आणि चालू माहितीतला वाहनवेग वाचा. मग तीन आकडे शेजारी शेजारी मांडा: जीपीएस, स्कॅनर, काटा.

स्कॅनर आणि जीपीएस जुळतात, काटा तीन-चार वर आहे, तर सगळं ठीक. तो कारखान्याने ठेवलेला फरक आहे. स्कॅनर आणि जीपीएस जुळतात पण काटा खाली आहे किंवा अडकतो, तर दोष मीटरमध्येच. स्कॅनरचाच आकडा चूक असेल, तर मीटरला हात न लावता सेन्सर, टायर किंवा संगणकात भरलेलं टायरचं माप यांकडे जा. वेग स्कॅनरवर पूर्ण आकड्यांत येतो, तेव्हा १ चा फरक सोडून द्या.

काटा आणि त्याच मीटरमधला अंकी वेग जुळत नसेल तर स्कॅनरचीही गरज नाही: काट्याची छोटी मोटर गेली. चावी फिरवल्यावर काटा अर्ध्यावर थांबतो, गाडी उभी असताना २० वर राहतो, चावी बंद-चालू केली की चूक बदलते, ही सगळी तिचीच लक्षणं. चांगल्या स्कॅनरने मीटरला ६० दाखवायचा हुकूम देता येतो. काटा ६० वर गेला नाही तर खात्री झाली.

दोषांचे कोड वाचा, पण त्यांच्यावर थांबू नका. पी-०५०० म्हणजे वाहनवेगाचा संकेत मिळत नाही किंवा चुकतो, पी-०५०१ म्हणजे तो अपेक्षेबाहेर आहे, पी-०५०३ म्हणजे तुटक किंवा अस्थिर. यातला कुठलाही कोड ‘सेन्सर बदला’ असं सांगत नाही. सेन्सरपर्यंतची वायर आणि कनेक्टरही त्याच कोडाखाली येतात. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही पेटला असेल तर चाकाजवळचे सेन्सर आधी तपासा, कारण अनेक गाड्या वेग तिथूनच घेतात.

गिअरबॉक्सवरचा तीन तारांचा हॉल सेन्सर (चुंबकाची हालचाल ओळखून पल्स देणारा) तपासताना आधी कनेक्टर काढून वायरच्या बाजूला मोजा. चावी चालू असताना एका पिनेवर पुरवठा हवा, बहुतेक गाड्यांत १२ किंवा ५ व्होल्ट; दुसऱ्यावर अर्थ. हे मिळालं तर कनेक्टर परत लावा, मागून बारीक सुई घालून संकेताच्या तारेवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) धरा आणि गाडी हळूहळू ढकला. आकडा शून्याजवळून वर आणि वरून शून्याजवळ उड्या मारायला हवा. अनेक जपानी गाड्यांत एका किलोमीटरला केबल ६३७ फेरे फिरते आणि फेऱ्याला ४ पल्स येतात, म्हणजे किलोमीटरला २५४८. वरच्या १८५/६५ आर १५ वर चाकाच्या एका फेऱ्याला साधारण ५ पल्स. गाडी ढकलून चाकाचे दहा फेरे केले आणि ४८ च्या आसपास उड्या मोजल्या, तर सेन्सर पल्स गाळत नाही.

एकच चाक उचलून हाताने फिरवलंत तर पल्स निम्म्याच येतील. एक चाक जमिनीवर अडकलेलं असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाच्या निम्म्या वेगाने फिरतो. हे ठाऊक नसेल तर चांगला सेन्सर कचऱ्यात जातो. चाक उचलायचंच असेल तर फक्त जॅकवर विसंबू नका. पक्क्या स्टँडवर गाडी टेकवा, उरलेल्या चाकांना अडणी लावा, आणि इंजिन चालू करून चाकं फिरवत ठेवायचा मोह टाळा.

दोन तारांचा साधा चुंबकी सेन्सर स्वतःच वीज तयार करतो. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून दात्यांचं कडं फिरवलं की आकडा वेगाबरोबर वाढायला हवा. याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो किंवा दात्यांपासूनचं अंतर वाढतं, तेव्हा हळू वेगाला संकेत इतका क्षीण होतो की काटा १५-२० पर्यंत मेलेला राहतो आणि मग एकदम जागा होतो. टोक पुसून पुन्हा बसवा, निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. नव्या प्रकारचे चाकाजवळचे सेन्सरही दोन तारांचेच असतात, पण त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक भाग असतात. त्यांच्यावर ओहम मोजायला जाऊ नका, ते त्यानेच मरू शकतात. ते ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन प्रवाहांत बोलतात. त्यांचा आकडा स्कॅनरवर बघा: चारही चाकांचे वेग सरळ रस्त्यावर सारखे हवेत.

एका चाकाचा आकडा मध्येच तुटत असेल तर ड्राइव्ह शाफ्टवरचं दातेरी कडं बघा. गंज चढून ते तडकतं आणि तडकलेल्या जागी प्रत्येक फेऱ्याला एक पल्स बिघडते. थांबता थांबता एबीएस उगाच थडथडतं, हे त्याचं सोबतचं लक्षण. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि तेव्हापासून सेन्सर गप्प असेल, तर बेअरिंग उलटं बसलं आहे का ते पाहा. अनेक बेअरिंगांच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये चुंबकी कडं असतं आणि सेन्सरला तीच बाजू दिसायला हवी.

अर्थचा दोष सर्वांत फसवा. हेडलाइट लावले की काटा सरकतो, गाडी उभी असताना इंजिनच्या वेगाबरोबर हलतो, इंडिकेटरच्या तालावर थरथरतो: सेन्सर विसरा. दिवे, पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू करून मीटरची अर्थ पिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवेत. ०.३ आले तर अर्थचा बोल्ट सोडा, खालचा पत्रा चकचकीत घासा आणि घट्ट आवळा.

सुधारताना

सगळ्या वेगांना सारख्या टक्क्यांची चूक काटा उपटून पुढे-मागे बसवून मिटत नाही. ६० ला बरोबर केलात तर ३० ला आणि १०० ला चुकेल. टायर मूळ मापाचा घाला, किंवा संगणकात टायरचा घेर भरायची सोय असेल तर मोजलेला घेर भरा, किंवा पल्स दुरुस्त करणारी जोडणी बसवा. ठरावीक फरकासाठीच काट्याची जागा बदलायची, आणि तीही मोटर शून्यावर आणून.

काम झालं की तोच रस्ता, तेच चार वेग, तेवढीच हवा घेऊन पुन्हा मोजा आणि नवे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. त्या दिवशीचा अंतराचा आकडाही लिहून ठेवा. तोपर्यंत मीटर ४ टक्के कमी मोजत असेल, तर दर १०,००० ला बदललेलं इंजिन ऑइल खरं तर सुमारे १०,४०० किलोमीटर चाललेलं आहे. पुढची तारीख ठरवताना आणि आतापर्यंत काढलेलं मायलेज वाचताना तो हिशेब धरावा लागेल.